पाटलाच्या नातवाचं वाचन

अन्नपूर्णा मोहदरीत पहिल्यांदा आली ती नवरी होऊन, बैलांच्या दमणीत बसून. दुसऱ्यांदा आली ती अमडापूरहून पायी, वळकटी काखेत मारून, जिल्हा परिषदेचा हुकूम पिशवीत घालून. ही बदली तिनं मागून घेतलेली नव्हती. पण हुकमावर गावाचं नाव वाचल्यावर ती रद्द करा म्हणून ती कोणाच्या पायाही पडली नाही. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, बाई, आडवळणाचं गाव आहे, चालेल का? ती म्हणाली, चालेल, वाट माहीत आहे.

मोहदरी म्हणजे हिंमतराव पाटलाचं गाव. त्याच्या मुलाला, उत्तमरावाला अन्नपूर्णा दिली होती. तिचा बाप रंगराव लोणारकडचा, बेताच्या शेतीचा माणूस. लेकीला त्यानं हौसेनं चार बुकं शिकवली, आणि सासरी तेच तिच्या आड आलं. श्रावणात ती शेजारच्या बायांना पोथी वाचून दाखवायची. हिंमतरावाला ते खपायचं नाही. तो स्वतः सहीपुरता शिकलेला. आपलं नाव तेवढं त्याला काढता यायचं आणि दिसलं तर ओळखता यायचं. बाकी सगळी अक्षरं त्याच्या लेखी किडामुंगी. लग्नाला बरीच वर्षं होऊनही अन्नपूर्णाची कूस उजवली नाही, तेव्हा त्यानं निकाल देऊन टाकला की वाचणाऱ्या बाईची कूस सुकते. उत्तमरावासाठी दुसरी सोयरीक पाहिली. त्या काळी दोन बायका करायला कायद्याची आडकाठी नव्हती, एखाद्या कोपऱ्यात अन्नपूर्णाही पडून राहिली असती. पण नव्या सोयऱ्यानं अट घातली की पहिली घरात नको. मग फारकत ठरली.

फारकतीचा कागद चावडीत झाला. सारं गाव जमलं होतं. रंगराव पागोटं हातात घेऊन खांबाला टेकून उभा होता आणि उत्तमराव खाली मान घालून नखानं जमीन उकरत होता. कागद पुढं आला तशी अन्नपूर्णानं टाकासाठी हात केला. हिंमतरावानं टाक उचलून बाजूला ठेवला आणि शाईची गादी सरकवली.

"मले सही येते," अन्नपूर्णा म्हणाली.

"आमच्या घरच्या बाया सही नाई करत. अंगठा लाव."

"मले सही येते, मामंजी."

त्यानं तिचं मनगट धरलं, अंगठा गादीवर दाबला आणि कागदावर टेकवला. एकदा उमटला तो नीट दिसेना म्हणून पुन्हा टेकवला. कोणीतरी हसलं. हिंमतराव लोकांकडं पाहून म्हणाला, "झालं. चार बुकं गेली वाहून."

माहेरी आल्यावर तिनं अंगठा राखेनं घासला, चिंचेनं घासला. शाई चार दिवसांत गेली. पण पुढं कुठंही, कसलाही कागद सहीसाठी समोर आला की तिच्या मनगटावर ती पकड बसायची. बापानं तिला पुन्हा शाळेत घातलं. आपल्याहून निम्म्या वयाच्या पोरींबरोबर बसून ती सातवी झाली, मग अकोल्याला मास्तरकीचं ट्रेनिंग झालं, मग नोकरी लागली. मेहकर तालुक्यात तिनं दोन-तीन गावं केली आणि प्रत्येक ठिकाणी एक बोलवा मागं ठेवून आली, की या बाईच्या हाताखालून गेलेलं पोर कागदाचा कपटा दिसला तरी वाचतं.

मोहदरीच्या शाळेच्या दोन खोल्या. तिसरी-चौथी मोतीराम गुरुजींकडं होती. ते हेडमास्तर, निवृत्तीला आलेले, दम्यानं बेजार झालेले. पहिली-दुसरी अन्नपूर्णाकडं आली. ती आल्याची बातमी गावात वणव्यासारखी पसरली. हिंमतरावानं तालुक्याला जाऊन बदलीची खटपट केली म्हणतात, पण दुसरी बाई या गावाला यायला तयार नव्हती. मग त्यानं वेगळाच पवित्रा घेतला: आपण हिला ओळखतच नाही. तो आता सरपंच होता, शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष होता. एक दिवस नातवाला बोटाशी धरून तो शाळेच्या दारात उभा राहिला.

"मास्तरीणबाई, हा माहा नातू. इंद्रभान. याचं नाव घाला."

उत्तमरावाचा पोरगा. दुसऱ्या बायकोच्या, विमलबाईच्या पोटचा. कान बापासारखे, थोडे पुढं आलेले. अन्नपूर्णानं नाव घातलं.

"पाटलाच्या घरचं पोट्टं आहे," हिंमतराव म्हणाला. "याले सगळ्याइच्या आधी वाचता आलं पाह्यजे."

"येईल, पाटील," ती म्हणाली.

तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं असं म्हणणं कठीण आहे. राग होताच. पण त्या रागाला हातपाय फुटले ते पुढं.

तिची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. मोतीराम गुरुजी आणि त्यांच्या आधीचे सगळे पोरांकडून बाराखडी घोकून घ्यायचे. पोरं देवळातल्या आरतीसारखी ती म्हणायची आणि मधलं एक अक्षर विचारलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. अन्नपूर्णा अक्षराच्या नावापासून सुरुवातच करत नसे. ती आवाजापासून सुरुवात करी. ओठ मिटा, म्हणे, आणि 'मका' म्हणा. पहिल्यांदा काय झालं? ओठ मिटले. तो म. आता 'गवत' म्हणा, हात गळ्याला लावा, कुठं हललं? तो ग. दोन-चार आवाज पक्के झाले की त्यांची चिन्हं ती चिंचोक्यांनी जमिनीवर मांडायला लावी. मांडलेली अक्षरं मग एकमेकांना जोडायची, ओढून म्हणायची, आणि ओढता ओढता मऽऽगऽऽर चा 'मगर' झाला की पोराच्या तोंडावर जो उजेड पडे तो पाहण्यासाठी तिनं आयुष्य काढलं असतं. गावातली पोरं ळ म्हणत नसत. शाळेला शाया, केळ्याला केयं. ती रागवत नसे. जीभ मागं वळवून टाळूला लावायला शिकवी आणि सांगे, "घरी केयं खा, पुस्तकात केळं वाचा." पोरं हसत आणि दिवसभर जीभ वळवत फिरत.

इंद्रभान या सगळ्यात पहिल्या दिवसापासून पुढं दिसे. त्याचं कारण तिच्या लवकरच ध्यानात आलं. त्या पोराला देवानं विलक्षण कान दिला होता. एकदा ऐकलं की त्याच्या डोक्यात ते जसंच्या तसं उतरे. शेजारचा पोरगा अडखळत अडखळत एक ओळ लावी, तोवर इंद्रभाननं ती ऐकून पाठ केलेली असे, आणि पुस्तकावर बोट फिरवत तो ती घडाघडा म्हणून दाखवी. बोट मात्र भलत्याच शब्दावर असे.

असली पोरं अन्नपूर्णानं आधीही पाहिली होती. औषध सोपं होतं. पुस्तक झाकायचं, चिंचोके हातात द्यायचे, अक्षरं उलटीसुलटी मांडायची, ओळखीच्या शब्दात एक नवं अक्षर घुसवायचं. महिनाभरात डोळा कानाला गाठतो. त्या दिवशी तिनं चिंचोक्यांची डबी उचललीही होती. तेवढ्यात इंद्रभाननं पान संपवलं, पुस्तक मिटलं आणि आजोबासारखी मान वर करून सगळ्या वर्गाकडं पाहिलं. हुबेहूब तीच मान. चावडीत लोकांकडं वळली होती ती.

अन्नपूर्णानं डबी खाली ठेवली.

"शाबास," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं त्याला एक अक्षर शिकवलं नाही. मारलं नाही, रागावली नाही, मागंही बसवलं नाही. उलट पहिल्या ओळीत बसवलं, वर्गाचा मॉनिटर केलं. बाकीची पोरं चिंचोके मांडायला बसली की ती त्याला फळा पुसायला सांगे, घंटा वाजवायला धाडी, मोतीराम गुरुजींकडं निरोप देऊन पाठवी. तो परत येईतो चिंचोके डबीत गेलेले असत. मग ती त्याला वाचायला उठवी. पुस्तकात आंब्याचा एक धडा होता: 'आंबा गोड. आंबा पिवळा. ताई, आंबा काप. दादा, आंबा खा.' तोच धडा ती रोज फळ्यावर लिही, छडी त्याच्या हातात देई, आणि तो एकेका ओळीखाली छडी फिरवत खणखणीत आवाजात म्हणे. शाबास, शाबास.

एकदा त्यानं स्वतःहून मागितलं. "बाई, मले बी चिंचोके द्या नं."

"तुला कशाला? तुला तर येतं."

तो खाली बसलेल्या पोरांकडं पाहत होता. मग फळा पुसायला गेला.

संध्याकाळी पाटलाच्या ओसरीवर रोजचा दरबार भरे. हिंमतराव पानसुपारी खात बसे आणि नातू पुस्तक उघडून वाचून दाखवी. बोट कुठं आहे हे पाहणारा तिथं कोणी नव्हता. उत्तमरावाला वाचता येत होतं, पण तो दिवस शेतात काढी आणि घरी आला की बापासमोर बसत नसे. अन्नपूर्णाच्या भाड्याच्या खोलीपर्यंत पोराचा आवाज ऐकू येई. ती भाकरी थापता थापता ऐके. तिला वाटे, ऐक म्हाताऱ्या, कान भरून ऐक. तुझ्या घरात अक्षर येणार नाही. तू माझा अंगठा घेतलास, मी तुझ्या वंशाचा घेईन. मग ती पोटभर जेवी आणि तिला गाढ झोप लागे. कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी.

वर्ष सरलं. वार्षिक परीक्षेत मोतीराम गुरुजींनी पहिलीच्या पोरांचं वाचन घेतलं. इंद्रभाननं आख्खं पुस्तक म्हणून दाखवलं. गुरुजींनी डोळे मिटून ऐकलं आणि पहिला नंबर दिला. पोरगा दुसरीत गेला. दुसरी अन्नपूर्णाकडंच होती.

त्या वर्षी गावोगाव प्रौढांना साक्षर करण्याची मोहीम निघाली. हिंमतरावानं ती डोक्यावर घेतली. तालुक्यात मोहदरीचं नाव पुढं पाहिजे होतं. दिवेलागणीला गडीमाणसं मोतीराम गुरुजींकडं बसत आणि दुपारी बाया अन्नपूर्णाकडं. सरपंचाच्याच घरची बाई नाही असं कोणी म्हणू नये म्हणून त्यानं सुनेलाही धाडलं. विमलबाई आली आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीला पाठ लावून बसली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण बायांना चिंचोके वाटताना अन्नपूर्णानं तिच्याही पदरात मूठभर टाकले. तिच्यावर राग नव्हता असं नाही, पण तो पातळ होता. तीही बापानं अट घालून दिलेली पोर होती. बायांमध्ये सगळ्यांत जोरात होती ती सोजराबाई, चावडीसमोर राहणारी सत्तरीची म्हातारी. ती दात नसलेल्या तोंडानं आवाज ओढी आणि शब्द लागला की शेजारणीच्या पाठीत धपाटा घाली.

मोहीम संपल्यावर समारंभ ठरला. बुलढाण्याहून साहेब यायचे होते. शाळेपुढं मांडव पडला, आंब्याच्या डहाळ्यांची कमान झाली. हिंमतराव शाळेत येऊन सांगून गेला की साहेबांपुढं वाचन आपला इंद्रभान करेल, आणि मास्तरीणबाईंनी चार ओळी फळ्यावर चांगल्या मोठ्या अक्षरात लिहून ठेवाव्यात.

"काय लिहू, पाटील?"

"ते तुमचं तुमी पाहा. माहं नाव येऊ द्या त्यात."

तिनं मान हलवली. सकाळी मांडवात फळा आणून ठेवला गेला तेव्हा इंद्रभान नव्या टोपीत तिच्याजवळ आला. काय वाचायचं, त्यानं विचारलं. ती म्हणाली, रोजच्यासारखं वाच. मग तिनं पाठ फिरवून फळ्यावर एकच ओळ लिहिली, रेखीव, मोठी. लिहिताना खडू एकदाही मोडला नाही.

साहेब आले, हार झाले, भाषणं झाली. गाव मांडवात दाटीवाटीनं बसलं होतं, पुढं बाया, मागं गडी. हिंमतरावानं उठून सांगितलं की आता एक लहान पोर आपल्याला वाचून दाखवेल आणि साहेबांनी पाहावं, मोहदरीत विद्येचं काय पीक आलं आहे ते. इंद्रभान फळ्यापाशी गेला. छडी उचलली. हिंमतराव खुर्चीवर पुढं सरकून बसला. फळ्यावर आपलं नाव त्याला दिसलं होतं, आणि ते पहिलंच होतं.

इंद्रभाननं छडी नेमकी त्या नावाखाली ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आंबा गोड."

छडी पुढं सरकली. "आंबा पिवळा. ताई, आंबा काप."

हिंमतरावाचं हसू तोंडावरच थिजलं. बाकीची ओळ त्याला कळत नव्हती, पण आपलं नाव म्हणजे आंबा नव्हे एवढं त्याला कळत होतं. साहेबांनी चष्मा सावरला. मांडवात कुजबुज सुरू झाली, कारण त्या मांडवातल्या निम्म्या माणसांना आता वाचता येत होतं. पुढं बसलेली सोजराबाई डोळे बारीक करून ओठ हलवत होती. तिनं एकेक आवाज जोडला आणि सवयीप्रमाणं शब्द लागल्याबरोबर मोठ्यानं म्हणून टाकला.

"हिंमतराव पाटलांच्या घरात कोणी अडाणी नाही," सोजराबाईनं वाचलं. मग फळ्यापाशी उभ्या पोराकडं पाहून ती सरळ मनानं म्हणाली, "अरे बाबू, थे तं तुह्या आज्याचं नाव लिवलं आहे. आंबा कुठी आहे?"

सगळा मांडव हसला. साहेबही हसले आणि मग रुमालानं तोंड पुसू लागले. हिंमतराव उठला, फळ्यापाशी गेला आणि त्यानं नातवाच्या मुस्कटात भडकावली. टोपी उडून पडली. पोरगं रडलं नाही. त्यानं आजोबाकडं पाहिलंच नाही. ते मागं वळून अन्नपूर्णाकडं पाहत होतं, आपलं कुठं चुकलं ते बाई सांगतील म्हणून.

अन्नपूर्णा हिंमतरावाकडं पाहत होती. त्यानंही तिच्याकडं पाहिलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिला ओळखलं. त्याची मान खाली गेली. ती कशी जाते हे तिनं डोळे भरून पाहिलं. पुढं कितीतरी दिवस ते दृश्य ती पुन्हा पुन्हा आठवायची, आणि त्याचा गोडवा कमी झाला असं तिला कधी वाटलं नाही.

संध्याकाळी मोतीराम गुरुजींनी तिला विचारलं, "बाई, तुमच्या हातून इतकं कच्चं पोर सुटलं कसं?" ती फळ्यावरची ओळ पुसत राहिली. गुरुजींनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, खोकल्याची उबळ आली ती जिरवली, आणि पुन्हा कधी हा विषय काढला नाही.

गावात टवाळांना काम मिळालं. पाटील रस्त्यानं निघाला की पारावरून कोणीतरी हळूच म्हणे, आंबा गोड. तो वळून पाही तो सगळे गंभीर. त्यानं ओसरीवर बसणं सोडलं. आणि इंद्रभानला शाळेतून काढलं. त्याचं म्हणणं, याच्या डोक्यात भुसा आहे, हा ढोरामागंच जाईल. दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णानं खिडकीतून पाहिलं, पोरगं म्हशी घेऊन नाल्याकडं चाललं होतं. छडीच्या जागी हातात काठी होती. तिला हवं होतं ते हेच. अगदी हेच. तिनं हजेरी घेतली, त्याच्या नावावर आली आणि पुढं गेली.

सुटीच्या दिवशी दुपारी विमलबाई शाळेच्या पडवीत आली. अन्नपूर्णा चिंचोके धुऊन उन्हात पसरत होती. विमलबाई उभीच राहिली.

"बाई, मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमी बायाइले शिकवलं नं, बोट शब्दाखाली ठेवा म्हणून. मी घरी गेली अन् पोराचं बोट पाह्यलं. ते 'दादा'वर होतं अन् तोंडात 'ताई' होती. दिवाईपासून मले माहीत आहे."

अन्नपूर्णाचा हात थांबला. "मग बोलल्या का नाही?"

"कोनाले बोलू? मामंजीले? त्याइनं पोराले मारलं असतं. तुमाले बोलू?" विमलबाईनं पदर खांद्यावर ओढला. "मी म्हटलं, बाईचं देणं-घेणं त्याइच्याशी आहे, होऊ द्या. त्याइची मान खाली गेली तं मले वाईट नाई वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं. मीबी त्याच घरात राह्यते. पन माह्या पोरानं तुमचं काय केलं होतं?"

"काही नाही."

"तो रोज घरी येऊन सांगे, बाई मले सगळ्याइच्यात जास्त जीव लावते."

अन्नपूर्णा चिंचोक्यांकडं पाहत बसली. क्षमा मागायची तिला सवय नव्हती. विमलबाईला क्षमा नकोच होती. ती म्हणाली, "त्याले मी परत धाडते. शिकवा. बायाइले शिकवलं तसं. मनात नसंल तरी शिकवा."

विमलबाईनं घरात काय केलं ते गावाला नंतर कळलं. तिनं सासऱ्यापुढं उभं राहून सांगितलं की पोरगं शाळेत जाईल, नाहीतर ती पोराला घेऊन माहेरी जाईल, आणि का गेली ते पारावर सांगून जाईल. हिंमतरावात दुसरा तमाशा सोसायचं बळ उरलं नव्हतं. उत्तमराव त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा बापापुढं वर मान करून उभा राहिला, एवढंच. बोलला काही नाही. इंद्रभान शाळेत आला.

आला, पण त्यानं तोंड उघडलं नाही. जो पोरगा ऐकलं ते सगळं बोलून दाखवी तो आता हजेरीला 'हजर' म्हणायचाही बंद झाला; नुसता हात वर करी. त्याला कळलं होतं. सहा-सात वर्षांच्या पोराला कळत नाही असं मोठ्यांना वाटतं. फळा पुसायला, घंटा वाजवायला आपल्यालाच का उठवत होते, चिंचोके मागितले तेव्हा बाई काय म्हणाल्या, सगळं त्याच्या त्या जबर डोक्यात जसंच्या तसं होतं, आणि म्हशींमागं फिरताना त्याला ते एकापुढं एक मांडायला वेळ मिळाला होता. अन्नपूर्णानं त्याच्यापुढं बसून ओठ मिटून 'म' म्हणून दाखवला. तो तिच्या ओठांकडं पाहत राहिला. तिनं चिंचोके मांडले. त्यानं हातानं मोडून टाकले. पुन्हा मांडले, पुन्हा मोडले. दुसरं पोर असतं तर तिनं छडी घेतली असती. इथं तिला हात उचलायचा हक्क नव्हता. बदला कसा घेतात ते तिला माहीत होतं, आणि समोर बसलेला बदला ओळखूही येत होता.

ती रोज त्याच्यासमोर बसत राहिली. बोलायला सांगणं तिनं सोडून दिलं. नुसती मांडी आणि स्वतः वाची. एखादा आठवडा गेला असेल, त्यानं मोडायचं थांबवलं. मग एक दिवस ती दुसऱ्या पोराकडं वळली असताना त्यानं दोन अक्षरांची जागा बदलली. ती परत वळली तेव्हा 'मगर'चा 'गरम' झालेला होता, आणि तो खिडकीबाहेर पाहत होता, जणू त्यानं काही केलंच नाही. तिनं पुढचं अक्षर ठेवलं.

उन्हाळा लागायच्या सुमारास तिनं दुसरीच्या पोरांना सांगितलं की पाटीवर आपल्या मनानं एक ओळ लिहा, पुस्तकातली नको. पोरांनी लिहिलं, माझी गाय काळी आहे, आई भाकर करते, असं काहीबाही. इंद्रभान बराच वेळ पाटीवर वाकून बसला होता. लिहिलेलं थुंकी लावून दोनदा पुसलं. मग त्यानं पाटी उभी केली आणि छातीशी धरली, तिच्याकडं नाही, वर्गाकडं तोंड करून.

वर्गातल्या प्रत्येक पोराला वाचता येत होतं. ते तिनंच केलं होतं. समोर अक्षर दिसलं की वाचायचं, ही सवय तिनंच लावलेली. सगळ्यांनी एका सुरात वाचलं:

"बाई खोटी आहे."

वाचून झाल्यावर काय वाचलं ते त्यांना कळलं आणि खोली एकदम चिडीचूप झाली. कोणी अन्नपूर्णाकडं पाहिना. ती उठून इंद्रभानपाशी गेली, पाटी हातात घेतली. ई-कार जागच्या जागी, ओकार जागच्या जागी, ट नीट गोलावलेला. एवढ्या सरळ ओळीत त्या वर्गात कोणी लिहीत नव्हतं. शेजारच्या खोलीतून मोतीराम गुरुजी दारात येऊन उभे राहिले होते.

"बरोबर लिहिलं आहे," ती म्हणाली. "आणि खरं लिहिलं आहे. सगळ्यांनी ऐकलं? खरं आहे. आता पुढची पाटी दाखवा."

पाटी तिनं त्याला परत दिली. त्यानं ती घेतली, पुसली नाही. शाळा सुटेपर्यंत तशीच मांडीवर ठेवली आणि घरी घेऊन गेला.

सुटीत तिच्या बदलीचा हुकूम आला. हिंमतरावाची तक्रार अखेर लागू पडली होती. तक्रारीत काय होतं ते तिनं विचारलं नाही. जे होतं त्याहून जास्त तिला ठाऊक होतं. गाव मिळालं सोनाळा, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. जायच्या दिवशी सोजराबाईनं तिच्या वळकटीत ज्वारीच्या पापड्या कोंबल्या. अमडापूरला मोटार मिळायची. तिथवर विमलबाई चालत आली.

मोटार लागल्यावर विमलबाई म्हणाली, "तिसरीत गेला. घरात पेपर येते, तो वाचते. कोनी म्हटलं नाई तरी वाचते. मामंजी आतल्या खोलीतून ऐकतात."

"माझं नाव काढतो?"

"नाई. म्या काढलं तं उठून जाते."

अन्नपूर्णानं मान हलवली. "त्याचं बरोबर आहे," ती म्हणाली. "तुम्ही काढत जाऊ नका."

ती मोटारीत चढली आणि खिडकीची जागा रिकामी असूनही आतल्या बाजूला बसली.